शांतवनकाकाच्या नावाचा भोपळा

आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण जवळ आला की विश्रांतवाडीतल्या भाजीवाल्यांना सुगी येते. प्रत्येक घरानं आपल्या कष्टाचं, आपल्या मातीतलं काहीतरी देवापुढं आणायचं, मग त्याचा लिलाव करायचा, अशी जुनी रीत. पण आपली माती आता चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत राहते आणि तिच्यात कोथिंबीरसुद्धा नाक मुरडून उगवते. म्हणून लोक शनिवारी संध्याकाळी मंडईतून घेवडा आणतात, घरी त्याला थोडी माती फासतात आणि रविवारी शेतकऱ्याच्या चेहऱ्यानं आत येतात. गेल्या वर्षी एका घरच्या सफरचंदांवर परदेशी स्टिकर तसेच राहिले होते. पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, या बंधूच्या शेताच्या सीमा तू फारच वाढवल्या आहेस." यंदा त्यांचा फोनवर निरोप आला: 'सण पुढच्या रविवारी. शक्यतो विकतचं आणू नये. आणल्यास स्टिकर काढावेत.'

हा निरोप वाचला की माझ्या नाकात एक जुना ऑक्टोबर शिरतो. ओल्या गोणपाटाचा, चिरलेल्या भोपळ्याचा, विझलेल्या मेणबत्तीचा आणि ताज्या सिमेंटचा मिळून एक वास. परतीचा पाऊस पत्र्यावर दोन टिचक्या मारून पळून जायचा आणि मग ऊन असं लख्ख पडायचं, जणू काही झालंच नाही. त्या पावसाचाही मला तेव्हा संशय यायचा. परत जातोय म्हणतो आणि गेटाशीच घुटमळतो, म्हणजे याचं काहीतरी इथं राहिलंय.

नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि पुण्याला बांधकामाचा ताप भरला होता. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दुपारी जेवून जरा लवंडले, उठून बघतात तर खिडकीत दुसऱ्याची गच्ची आणि तिच्यावर दुसऱ्याचे पापड. मी हे शपथेवर सांगत नाही, कारण आमच्यात शपथ घ्यायची नसते. पण खरं धरून चाला. जिकडं तिकडं फुकटाचे दिवस आले होते. फोनचं कार्ड फुकट, एका पॅन्टवर दुसरी पॅन्ट फुकट, फ्लॅटवर स्कूटर फुकट. आणि प्रत्येक फुकटाच्या डोक्यावर एक इवलासा तारा छापलेला. त्या ताऱ्यामागं गेलं की पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू'. बेथलेहेमच्या ताऱ्यानंतर इतक्या लोकांना मागं फिरवणारा तारा दुसरा झाला नाही.

संशय हा आमच्या घराण्याचा व्यवसाय. बाबा खडकीच्या बाजूला एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. लोखंडावर टकटक करायची आणि ते खरं बोलतंय का हे ऐकायचं, यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते कलिंगडापासून जावयापर्यंत सगळ्यांवर टकटक करू लागले. मी नगर रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत टेस्टर म्हणून चिकटलो होतो. दुसऱ्यानं केलेल्या सॉफ्टवेअरवर अविश्वास दाखवायचा मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. आणि आजोबा तर आम्हा दोघांचे गुरू. विश्रांतवाडीच्या टोकाला घेतलेले तीन गुंठे धाकट्या मुलाला देताना त्यांनी कागदावर सुनेचंही नाव घातलं. "पोराचा भरवसा नाही," त्यांनी पोरासमोरच सांगितलं.

ते पोर म्हणजे माझा शांतवनकाका. गवंडी होता, गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं गुळगुळीत केलेल्या भिंतीवर पाल चढली तर घसरून खाली यायची आणि लाजून दुसऱ्या घरी जायची. पण हातातलं काम पुरं करणं त्याच्या जन्मात नव्हतं. गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत, चहा अर्धा, प्रार्थना आमेनच्या अलीकडं. स्वतःच्या घराच्या तीन भिंती आतून गिलावून झाल्या, चौथीला हात लावणार तोच एक ठेकेदार भेटला आणि काका "जरा हैदराबादला जाऊन येतो" म्हणून निघाला; माणूस कोपऱ्यावरून दही आणायला निघतो तसा. तिकडं नवी बांधकामं जोरात निघाली होती. दहा-बारा वर्षं दही काही आलं नाही.

मागं राहिली सुवार्ताकाकू, काकाची बायको. मूलबाळ नव्हतं. ती बालवाडीत शिकवायची आणि तिनं वर्गात "गप्प" म्हटलं की आळंदी रस्त्यावरची वाहतूक थांबायची. तिच्या परसात भेंडी, घेवडा, अळू, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीवर चढलेला लाल भोपळ्याचा वेल. तो वेल म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एका साली त्याचा भोपळा रिक्षात घातला तर रिक्षाचं पुढचं चाक उचललं गेलं आणि रिक्षावाला हँडल धरून आकाशाकडं बघत चर्चपर्यंत आला.

दर सणाला काकू दोन भोपळे घेऊन जायची. पुढं लिलावाला उभे असायचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या कारभारातले एक वडीलधारे. वस्तू ठेवली की ते विचारत, "कोणाच्या नावानं?" पहिला भोपळा ठेवत काकू म्हणे, "सुवार्ता." दुसरा ठेवत म्हणे, "शांतवन." झालं, सगळ्या चर्चला एकदम खोकला यायचा. बाबा माझ्या कानात पुटपुटत, "बरोबर आहे. त्याच्या नावावर भोपळाच."

आईनं एकदा तिला विचारलंसुद्धा, "ज्यानं इतक्या वर्षांत मागं वळून पाहिलं नाही, त्याच्या नावानं कशाला गं वाहतेस?"

"वळून पाहिलं नाही ते त्यांनी," काकू घेवडा मोडता मोडता म्हणाली. "मी कुठं पाठ फिरवलीय?"

आता इथं एका शब्दाबद्दल बोललं पाहिजे, कारण त्या साली सगळा घोळ त्या शब्दानं केला. करार. आमच्या पवित्र शास्त्राचे दोन भाग, आणि दोन्ही करारच; एक जुना, एक नवा. लहानपणापासून हा शब्द आम्ही पाव-चहासारखा तोंडात घातलेला. पण त्या वर्षांत पुण्यात हाच शब्द दुसऱ्याच तोंडांतून ऐकू यायला लागला. जागेचा करार, बिल्डरचा करार, अकरा महिन्यांचा करार. चहाच्या टपरीवर दोन माणसं "करार झाला का?" म्हणाली की पूर्वी मला वाटायचं, किती भाविक मंडळी.

त्याच पावसाळ्यात पाळकसाहेबांनी अब्राहामाच्या करारावर उपदेश केला. त्या काळी करार म्हणजे जनावरं कापून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडायचे आणि दोघांनी मधून चालत जायचं. मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. अब्राहामानं सगळी मांडामांड केली, गिधाडं हाकलली, आणि अंधार पडल्यावर त्याला गाढ झोप लागली. मग त्या तुकड्यांमधून एक धुमसती शेगडी आणि एक जळती मशाल गेली. म्हणजे देव एकटाच गेला. अब्राहाम झोपलेला होता. पाळकसाहेबांनी व्यासपीठाच्या कठड्यावर हात टेकून आमच्याकडं पाहिलं आणि खाली बसले.

परतताना बाबा काकूच्या फाटकाशी थांबले. "सुवार्ता, मला हे पटलं नाही. एकाच पार्टीची सही. दुसरी पार्टी झोपेत. असलं कुठलंही कार्यालय रजिस्टर करून घेणार नाही."

"म्हणून तर टिकलाय, दादा. दुसऱ्याची सही असती तर त्यानं मोडला की संपला असता."

"पण मग देवाचा यात फायदा काय?" बाबांनी विचारलं. खरं सांगतो, माझाही तोच प्रश्न होता. मी रात्रंदिवस तेच काम करत होतो. अट दिसत नाही म्हणजे ती कुठंतरी लपवलेली असते, हे मला शिकवलं होतं. मी मनातल्या मनात सगळ्या शास्त्राची तपासणी केली. नोहाशी करार केला, तो नावेतून उतरला आणि द्राक्षारस पिऊन तंबूत आडवा झाला. सिनाय डोंगरावर कराराच्या पाट्या कोरून मोशे खाली येतो तोवर खाली सोन्याचं वासरू तयार होतं. पुण्यातही करार मोडतात, पण निदान कागद हातात पडेपर्यंत थांबतात. आणि इतकं होऊन समोरचा म्हणतो, तुम्ही मोडलात, मी नाही मोडला. असा कोणी भेटला तर शहाण्या माणसानं खिसा सांभाळावा.

मला वाटतं, सगळ्यात जास्त संशय मला इंद्रधनुष्याचा यायचा. प्रलयानंतर देवानं ढगात धनुष्य ठेवलं. पोरांना सांगतात, ते आपल्याला देवाची आठवण राहावी म्हणून. शास्त्रात उलटं आहे. ते पाहून त्याला स्वतःलाच आपल्या कराराची आठवण व्हावी म्हणून आहे ते. म्हणजे देवसुद्धा बोटाला दोरा बांधून ठेवतो. इतकी काळजी कोण घेतो, तर ज्याला आपला राग माहीत आहे तो. काकूच्या दुसऱ्या भोपळ्याकडं बघताना मला हे का आठवायचं, ते तेव्हा कळत नव्हतं.

पोपटराव आला तो याच दिवसांत. वाघोलीकडचा मूळचा शेतकरी. स्वतःची जमीन विकून झाल्यावर आता दुसऱ्यांची विकून देत होता. गळ्यात सोन्याची साखळी अशी की अडकलेला ट्रक तिनं ओढून काढावा. काकूच्या तीन गुंठ्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा त्याच्या बिल्डरनं उचलल्या होत्या. मधे काकू, तिचं पत्र्याच्या छपराचं घर आणि भोपळ्याचा वेल, दातात अडकलेल्या सुपारीसारखे. मी त्या दिवशी तिच्याकडं जेवायला गेलो होतो. काकू ओट्यावर चष्मा लावून वाचत बसली होती. दरसाल ती शास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायची.

"वैनी, काय ठरलं मग आपलं?" पोपटरावानं चप्पल न काढताच विचारलं.

"आत्ता नको," काकू मान वर न करता म्हणाली. "जुना करार कालच संपला. आज नवा हातात घेतलाय."

पोपटराव जागीच खिळला. त्याचा रंग हळूहळू त्याच्या नावाचा झाला. "नवा? आन् जुना कंचा? आमच्या आधी कोन आलं हुतं?"

"आमच्या आजे-पणज्यांपासून आहे."

"जुन्यात काय अटी हुत्या?"

"फार. एकही कोणाला पाळता आली नाही."

"आन् नव्यात?"

"नव्यात सगळं त्यानंच भरलंय," काकूनं पान उलटलं.

"सगळं? आन् तुमच्याकडनं काय न्हाय? वैनी, असा कोन बिल्डर हाय पुन्यात? बाप काय करतो त्येचा?"

"सुतारकाम."

"म्हंजी बांधकामातलाच हाय," पोपटराव खाली बसला. त्यानं रुमालानं मानेचा घाम पुसला. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबावा म्हटलं, पण मला पदर नव्हता. मी भात कोंबला. बाहेरून त्याचा खालच्या पट्टीतला आवाज आला. "वैनी, भावासारखा सांगतो. समदं फुकट देतो म्हनतो न्हवं, त्यो फसवतो. तुमी फसताय."

"असेल," काकू म्हणाली. "मला फसवलं ते घरातल्यानं. यानं अजून तरी नाही."

पोपटरावानं पुढच्या आठवडाभरात दर दिवसाआड एकेक गोष्ट वाढवून दिली. लिफ्ट, संगमरवर, वरचा मजला, कोपऱ्यातला गॅलरीवाला फ्लॅट. सुताराच्या मुलाशी चाललेली ती चढाओढ वाघोलीपर्यंत गाजली, असं म्हणतात. शेवटी कोणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं. तो परत आला आणि फाटकातूनच म्हणाला, "त्ये देवाचं हाय व्हय. आधी सांगायचं." मग मुद्द्यावर आला. "पन आमच्या करारावर दोगांच्या बी सह्या लागत्यात. तुमची आन् मालकांची. मालक हुडकावं लागतील."

आणि भाद्रपद सरता सरता मालक आले.

यात संशय घेण्यासारखं काही नाही असं ज्याला वाटेल, त्यानं आमच्या घराण्यात मुलगी देऊ नये. दहा-बारा वर्षं ज्याची सावली दिसली नाही, तो नेमका सहीची गरज पडली त्याच महिन्यात उगवतो. मी पोपटरावाला टपरीवर गाठून विचारलं. तो म्हणाला, "आई शप्पथ, म्या न्हाय आनला. म्या आनला असता तर दाढी करून आनला असता." हे मात्र पटण्यासारखं होतं. काकाची दाढी छातीपर्यंत आली होती आणि तिच्यात हैदराबादचं निदान एक पोतं सिमेंट होतं.

काकू फरशी पुसून फडकं पिळत होती तेव्हा तो दारात उभा राहिला. "सुवार्ता," एवढंच म्हणाला. तिनं फडकं झटकलं, दोरीवर टाकलं, आणि म्हणाली, "अहो, चपला बाहेर. आत्ताच पुसलंय."

तो 'अहो' आमच्या घरात पुढं आठवडाभर चालला. बाबांनी त्याच्यावर सगळीकडून टकटक केली. "‘अहो’ कशाला? इतक्या वर्षांनी ‘कोण पाहिजे?’ म्हणायला हवं होतं."

"ती सवय असेल हो," आई म्हणाली.

"सवयीचाच लोक फायदा घेतात. हा गोड बोलून तिची सही घेणार, आपली ठोकणार आणि ती बिचारी म्हातारपणी रस्त्यावर येणार. लिहून ठेवा."

भीती खोटी नव्हती. तिला एकच घर होतं आणि ते जायला एकाच दुपारी दोन माणसं ओट्यावर शेजारी बसणं पुरेसं होतं.

काकूनं मात्र त्याला घरात घेतलं नाही. ताट वाढलं, ऊन पाणी दिलं, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत, भोपळ्याच्या वेलाखाली, त्याचं अंथरूण टाकलं. स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी दिली. बाबा तिला म्हणाले, "एकतर घे, नाहीतर हाकल. हे मधलं काय?"

"देवानं आदामाला बागेबाहेर काढलं ना, दादा? काढलंच. पण काढताना अंगावर घालायला कपडे त्यानंच करून दिले."

मी माझ्या परीनं काकाची चाचणी सुरू केली. हैदराबाद का सोडलं, हा एकच प्रश्न तीन वेळा, तीन वेगळ्या तोंडांनी विचारला. पहिल्या वेळी काम संपलं होतं, दुसऱ्या वेळी गुडघा गेला होता, तिसऱ्या वेळी म्हणाला, "शेवटची बिल्डिंग एवढी उंच होती की ढग खिडकीतून आत यायचे, थापीनं ढकलून बाहेर काढायला लागायचे. एक दिवस ढग काढताना खाली बघितलं, तर पोरं टोपल्यातून भोपळे नेत होती. मग निघालो." तीन उत्तरं, तिन्ही वेगळी, माझ्या खात्यात अशा मालाला सरळ नापास करतात. फक्त तिसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

पोपटराव कागद घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे पहाऱ्याला जमलो होतो. त्यानं कागद ओट्यावर पसरले, वर पाण्याचा तांब्या ठेवला, दोन पेनं काढली.

"मालक, तुमचं काय म्हननं?"

"सुवार्ता म्हणेल ते," काका म्हणाला. बाबांनी मला कोपर मारलं. ही तर जुनी युक्ती.

काकूनं कागदांकडं पाहिलं नाही. ती आत बोट दाखवत म्हणाली, "आधी ती चौथी भिंत. तुम्ही तशीच टाकून गेलात. ती पुरी झाल्यावर बोलू."

"वैनी, आमी हे घर पाडनारच हाय. भिंत कशाला?"

"पडेल तेव्हा पडेल. पडताना चारी भिंती झालेल्या असू देत."

दुसऱ्या दिवसापासून काका वाळू चाळायला लागला. ती चाळणीची खरखर, थापीचा ओला फटका, मग लाकडी रंधा फिरवल्याचा सुसू आवाज. अजूनही कुठं काम चालू असलं की मी रस्त्यात थांबतो. तळापासून भिंत गुळगुळीत होत वर चढू लागली. काकू मधूनच जाऊन तिच्यावर तळहात टेकवायची, ताप आहे का पाहिल्यासारखा, आणि स्वयंपाकाला लागायची.

सणाच्या रविवारी चर्चमध्ये ऊस बांधलेले, ज्वारीची ताटं, केळीचे घड, आणि एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. त्या कोंबडीनं बोली ऐन रंगात असताना अंडं घातलं आणि ते देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं यावर मंडळीत फूट पडायची वेळ आली. अखेर ते पाळकसाहेबांनी नाश्त्याला घेतलं. मग सुवार्ताकाकू उठली. तिच्या हातात या वेळी एकच भोपळा होता. दुसरा तिनं शेजारी बसलेल्या काकाच्या मांडीवर ठेवला होता. "तुमचा तुम्ही न्या," ती म्हणाली. हळू म्हणाली, म्हणजे फक्त सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

काका उठला. दाढी काढलेली, सदरा बाबांचा, गळ्याशी मोठा झालेला. पुढं जाऊन त्यानं भोपळा ठेवला.

"कोणाच्या नावानं?" मास्तरांनी सवयीनं विचारलं.

"शांतवन."

या वेळी कोणी खोकलं नाही. मास्तरांनी बोली मागितली. एकदा मागितली, दोनदा मागितली. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर टिचक्या मारून गेला. इतकी वर्षं तो गेलेला असताना त्याचा भोपळा कोणी ना कोणी काकूकडं बघून घ्यायचं. तो समोर उभा राहिला आणि शंभर माणसांना आपापल्या वहाणा दिसू लागल्या. मीही माझ्याच बघत होतो. बाबांनी हाताची घडी घातली होती. काका तिथंच उभा होता, आणि मला दिसलं की त्याचं तोंड दाराकडं वळतंय.

"मी घेते," मागून आवाज आला.

मास्तर चाचरले. "सुवार्ताबाई, आपल्याच घरच्या वस्तूवर बोली लावायची नाही, असा नियम आहे."

"माहीत आहे. लावली."

आपल्याच वेलाचा, आपणच वाढवलेला, आपणच उचलून आणलेला भोपळा तिनं विकत घेतला आणि कडेवर घेऊन जागेवर येऊन बसली. आमच्या शास्त्रात खंडणी भरून सोडवणं म्हणून एक शब्द येतो. पुण्याच्या पेपरात खंडणीच्या बातम्या वाचून वाचून मी तो कायम उलटाच समजत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला संशय आला, की कदाचित अट बारीक अक्षरात लपवलेली नसेल. कदाचित जे काय भरायचं ते खरोखरच समोरचाच भरत असेल, आणि फायदा कुठं आहे म्हणून शोधत बसणारे आपणच मूर्ख असू. हा संशय मी लगेच झटकून टाकला. घराण्याला काळिमा नको.

आणि आम्ही बरोबरच निघालो. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मागची खोली रिकामी होती. गोधडीची घडी नीट घातलेली. भिंत खांद्यापर्यंत गुळगुळीत, वर तशीच उघडी वीट.

बाबा धावत गेले. डबे, कपाट, कागद, सगळ्यावर टकटक झाली. काही गेलं नव्हतं. सही कुठंच नव्हती. बाबांनी दोनदा शोधलं. चोरी सापडत नाही म्हटल्यावर ते जास्तच चिडले. "सांगितलं होतं की नाही?" ते काकूला म्हणाले. "सांगितलं होतं." बरोबर निघाल्याचा आनंद इतका पांचट असतो हे मला तेव्हा कळलं, मीठ न घातलेल्या भोपळ्याच्या भाजीसारखा.

काकू आतल्या खोलीत बसली होती. दुपारपर्यंत बाहेर आली नाही. डोळे लाल होते, आणि तिनं ते लपवले नाहीत. मग विळी घेतली आणि तो विकत घेतलेला भोपळा चिरायला बसली. बिया वेगळ्या काढून राखेत घोळून वाळत टाकल्या.

दोघांच्या सह्या होणार नाहीत हे कळल्यावर पोपटरावाचा बिल्डर कंटाळला. आज काकूच्या दोन्ही बाजूंना चौदा-चौदा मजले आहेत. मधल्या तीन गुंठ्यांत इतकं कमी ऊन येतं की सूर्याला तिथं चिठ्ठी पाठवून बोलवावं लागतं. तरी भोपळ्याचा वेल आहे. पोपटराव म्हातारा झालाय, साखळी बारीक झालीय. अधूनमधून अळू न्यायला येतो आणि ओट्यावर टेकून विचारतो, "वैनी, त्या सुताराच्या पोरानं अजून फसवलं न्हाय ना?" बाबा गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांना उशाशी काकूच बसलेली चालायची. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "तिच्यावर टकटक केली की एकच आवाज येतो."

मध्यंतरी मला वाटू लागलं, काका मुद्दामच गेला असेल. त्याची सही सापडली नाही म्हणून तर घर वाचलं. केवढा त्याग. मी मोठ्या उत्साहानं हे काकूला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं डोकं नाही त्यांना." मग त्या चौथ्या भिंतीकडं बघून म्हणाली, "भिंत खांद्यापर्यंत आली की यांना पळावंसं वाटतं. खांद्याच्या वर हात पोचायला समोर तोंड करून उभं राहायला लागतं ना."

त्या भिंतीला दुसऱ्या गवंड्याचा हात तिनं लागू दिला नाही.

पुढच्या सणाला तिनं दोन भोपळे नेले. मास्तरांनी विचारलं, "कोणाच्या नावानं?" आणि तिनं दोन्ही नावं पूर्वीच्याच आवाजात सांगितली. तेव्हापासून एकही साल चुकलं नाही. आता तिला दोन उचलत नाहीत. एक ती नेते, दुसरा मी. मास्तरही बदललेत, नवीन माणसाला शांतवन कोण हे माहीत नसतं. तो मलाच शांतवन समजतो आणि माझ्याशी हात मिळवतो. मीही दुरुस्त करत नाही. शास्त्रातला प्रत्येक मोडका माणूस आठवला की वाटतं, या नव्या मास्तरांची चूक फार नाही.

या रविवारी पुन्हा सण आहे. काल वेलावरचे दोन भोपळे उतरवले, धुतले, स्टिकर नव्हतेच. काकू चौथ्या भिंतीशी खुर्ची लावून बसली होती, खांद्याच्या वर हात नेऊन उघड्या विटांवरची धूळ झटकत होती. मी विचारलं, "आता कशाला?"

"अहो, चपला बाहेर," ती दाराकडं न बघता म्हणाली. मी वळून पाहिलं. दारात मीच होतो, चपलांसकट. वय झालंय; तिला माणसं सरमिसळ दिसतात. मी चपला काढल्या.

चर्चमध्ये नाव पुकारताना मी हल्ली नेमानं मागच्या दाराकडं बघतो. आयुष्यभर संशयावर पोट भरलं, त्यातले बरेचसे खरे निघाले आणि कशाच्याच कामी आले नाहीत. आता एकच उरलाय, पण दाट आहे. एखाद्या सणाला तो येईल.